संमोहनात आठवलेला मागचा जन्म : विश्वास किती ठेवावा?

वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन चालू होते. एका रविवारी वाचन संपल्यावर एक उपासिका मागे थांबल्या. साठीच्या पुढचे वय, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या सुनेला दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. कोणीतरी सुचवले म्हणून ती 'पास्ट लाइफ रिग्रेशन' करणाऱ्या एका बाईंकडे गेली. तिसऱ्या बैठकीत तिला 'दिसले' की मागच्या जन्मी ती एका वाड्यावर दाई होती आणि तिने एक नवजात मूल नदीत सोडले. आता या जन्मी त्याची फेड चालू आहे, असे तिला सांगण्यात आले. तेव्हापासून पोरगी रात्र रात्र जागी असते.

बाईंचा प्रश्न असा होता : "सर, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कुणी शिकवलं नव्हतं. रडत रडत सांगितलं. मग ते खोटं कसं म्हणायचं?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सून खोटे बोलत नव्हती आणि तिचे रडणेही खरेच होते. पण माणूस प्रामाणिक असणे आणि त्याची आठवण खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमोहनात नेमका याच दोन गोष्टींचा घोळ होतो.

आधी संमोहन म्हणजे काय ते पाहू. त्यात जादू नाही. माणूस शांत पडून एका आवाजाकडे सगळे लक्ष देतो, बाकीचे भान मागे पडते आणि त्या आवाजाने सुचवलेले तो नेहमीपेक्षा लवकर स्वीकारतो. वेदना कमी करण्यासाठी, भीती घालवण्यासाठी याचा उपयोग होतो, तो नाकारण्याचे कारण नाही. चूक होते ती पुढे. मेंदूत कुठेतरी सगळ्या घटनांची कॅसेट साठवलेली असते आणि संमोहनाने ती मागे फिरवता येते, असा समज लोकांमध्ये पक्का बसला आहे. आठवण तशी चालत नाही. दरवेळी आठवताना आपण तुकडे जोडून ती नव्याने उभी करतो. मधल्या रिकाम्या जागा अंदाजाने, ऐकीव गोष्टींनी, सिनेमात पाहिलेल्या दृश्यांनी भरतो. संमोहनात हे भरणे वाढते आणि जे भरले त्यावरचा विश्वासही वाढतो.

१९८३ साली लॉरेन्स आणि पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी याची सरळ परीक्षा घेतली. सहज संमोहित होणारी २७ माणसे निवडली. संमोहनात त्यांना मागच्या आठवड्यातील एका रात्रीकडे नेले आणि त्या रात्री मोठ्या आवाजाने तुमची झोप मोडली होती, असे सुचवले. त्यानंतर २७ पैकी १३ जण तो आवाज खरोखर झाला होता असे सांगू लागले. तो सुचवलेला होता हे कळल्यावरही काही जण मागे हटेनात. ही गोष्ट आठवडाभरापूर्वीच्या रात्रीची. मग दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्याचे काय सांगावे! अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ मध्ये हेच नोंदवले, की संमोहनाने निघालेल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा जास्त भरवशाच्या नसतात आणि त्यात बनावट आठवणी मिसळू शकतात.

आता मागच्या जन्माकडे येऊ. या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातले आहे. मोरी बर्नस्टीन नावाचा एक व्यावसायिक हौसेने संमोहन करत असे. १९५२ मध्ये त्याने एका तरुण गृहिणीला संमोहित केले. ती आयरिश ढंगात बोलू लागली. आपण ब्रायडी मर्फी, १७९८ साली कॉर्कमध्ये जन्मलो, १८६४ मध्ये बेलफास्टला वारलो, असे तिने सांगितले. १९५६ मध्ये त्यावर पुस्तक निघाले आणि ते धडाधड खपले. वार्ताहर आयर्लंडला गेले. ब्रायडीचा जन्म, लग्न, मृत्यू यांपैकी कशाचीच नोंद सापडली नाही. अर्थात तिथे जन्ममृत्यूची सरसकट सरकारी नोंद १८६४ पासूनच सुरू झाली, म्हणून नुसत्या नोंद नसण्याला फार महत्त्व देऊ नये. तिने सांगितलेल्या दोन किराणा दुकानदारांची नावे तर बेलफास्टच्या जुन्या डिरेक्टरीत सापडली, आणि पुस्तकाच्या समर्थकांनी त्याचा बराच गाजावाजा केला. पण शिकागोच्या एका वृत्तपत्राने आयर्लंडऐवजी त्या बाईच्या बालपणाचा शोध घेतला. ती लहानपणी शिकागोत जिथे राहत होती तिथे समोरच एक आयरिश बाई राहत होती, आणि त्या बाईचे माहेरचे नाव ब्रायडी मर्फी होते, असे त्या वृत्तपत्राने छापले. यातील तपशिलांवर पुढे वाद झाला. तरी ब्रायडी नावाची कोणी बाई त्या काळात होऊन गेली, हे आजवर कोणी सिद्ध करू शकलेले नाही.

दुसरे प्रकरण ब्रिटनमधले आहे आणि ते मला जास्त बोलके वाटते. कार्डिफच्या आर्नल ब्लॉक्सहॅम या संमोहनतज्ज्ञाच्या टेप्स बीबीसीने १९७६ मध्ये लोकांपुढे आणल्या. त्यात 'जेन इव्हान्स' या टोपणनावाच्या एका बाईने आपले अनेक जन्म सांगितले होते. एका जन्मात ती रोमन काळातील ब्रिटनमध्ये होती, दुसऱ्यात फ्रान्समधील धनाढ्य व्यापारी झाक कर याच्या घरात दासी होती. तपशील इतके बारीक होते की अभ्यासकही चकित झाले. मग मेल्विन हॅरिस या संशोधकाने जुन्या कादंबऱ्या चाळल्या. रोमन जन्माची गोष्ट लुई द वोल यांच्या १९४७ च्या एका कादंबरीशी जुळली. त्या लेखकाने स्वतः कल्पनेने निर्माण केलेली पात्रेसुद्धा जेनच्या 'आठवणीत' हजर होती! फ्रेंच जन्मात तिने आपला मालक अविवाहित असल्याचे सांगितले होते. इतिहासात त्याला बायको होती, मुलेही होती. पण थॉमस कॉस्टेन यांच्या त्याच व्यापाऱ्यावरील कादंबरीत लेखकाने कथेच्या सोयीसाठी त्याचे कुटुंब वगळले होते. घरातली दासी मालकिणीला विसरते आणि नेमकी कादंबरीकारासारखीच विसरते, याचा अर्थ उघड आहे.

तिने मुद्दाम फसवले का? तसे मानण्याची गरज नाही. कधीतरी वाचलेले डोक्यात राहते आणि ते वाचले होते हेच आपण विसरतो. पुढे तो मजकूर वर येतो तेव्हा तो आपला अनुभव वाटतो. फिनलंडचे मनोविकारतज्ज्ञ काम्पमन यांनी तर एका मुलीला पुन्हा संमोहित करून, मागच्या जन्मातले म्हणून तिने गायलेले जुने इंग्रजी गाणे कुठून आले, हे विचारले. लहानपणी वाचनालयात चाळलेल्या एका पुस्तकाचे नाव तिनेच सांगितले.

आपल्याकडे मागच्या जन्माच्या कथांसाठी वाचनालयापर्यंत जावे लागत नाही. 'मधुमती', 'कर्ज', 'करण अर्जुन' आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. २००९ मध्ये 'राज पिछले जनम का' हा कार्यक्रम टीव्हीवर आला आणि त्यात लोक कॅमेऱ्यासमोर झोपून आपले जन्म सांगत होते. वाडा, दाई, नदी, सोडून दिलेले मूल. हे साहित्य आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात तयार पडलेले आहे. फक्त कोणीतरी दार उघडायचे असते.

ते दार कोण उघडते, हे रॉबर्ट बेकर यांच्या प्रयोगातून दिसते. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात त्यांनी ६० विद्यार्थ्यांचे २०-२० चे तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितले, ही फार चांगली नवी उपचारपद्धती आहे. दुसऱ्याला ना चांगले सांगितले ना वाईट. तिसऱ्याला सांगितले, हा सगळा वेडेपणा आहे. नंतर तिन्ही गटांना संमोहित केले. पहिल्या गटात ८५ टक्के मुलांना मागचा जन्म दिसला, दुसऱ्यात ६० टक्के, तिसऱ्यात अवघ्या १० टक्के. कॅनडाचे निकोलस स्पॅनोस यांच्या प्रयोगांतही हेच आले : संमोहन करणारा जशी अपेक्षा निर्माण करतो, तसा जन्म दिसतो. त्यांच्याकडे एक जण आपण ज्युलियस सीझर असल्याचे सांगत होता, इसवी सन ५० मध्ये, रोमचा सम्राट. सीझर इसवी सनापूर्वी ४४ मध्येच मारला गेला होता आणि तो सम्राट कधी झालाच नव्हता. ब्रायन वाइस यांच्या १९८८ च्या अतिशय लोकप्रिय पुस्तकातील रुग्ण तर आपल्या एका जन्माचे साल इसवी सन पूर्व १८६३ सांगते. त्या काळातल्या माणसाला पुढे ख्रिस्त जन्मणार आणि त्यावरून उलटी वर्षे मोजणार हे कसे ठाऊक असणार? इतकी साधी शंका लाखो वाचकांच्या मनात आली नाही, याचे मला अजून नवल वाटते.

पुनर्जन्मावर आयुष्यभर संशोधन करणारे व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन लहान मुलांच्या कथनांना महत्त्व देत. त्या कामावर वेगळी चर्चा होऊ शकते. पण संमोहनातून काढलेल्या जन्मांवर त्यांचाही भरवसा नव्हता.

काही बांधव इथे विचारतील, तथागतांना बोधिप्राप्तीच्या रात्री पूर्वजन्मांचे स्मरण झाले असे पालि ग्रंथांत आहे, त्याचे काय? आहे, आणि थेरवादी परंपरा ते मानते. पण तिथे ते दीर्घ ध्यानसाधनेनंतरचे स्वतःचे ज्ञान म्हणून येते, दुसऱ्याने शेजारी बसून सुचवलेले म्हणून नाही. शिवाय दीघ निकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात अशा श्रमण-ब्राह्मणांचा उल्लेख आहे ज्यांना ध्यानातून अनेक जन्म आठवतात आणि त्यावरून ते आत्मा नित्य आहे असे ठरवून टाकतात. बुद्ध त्यांची गणना मिथ्या दृष्टींमध्ये करतात. मज्झिम निकायाच्या सब्बासव सुत्तात मी पूर्वी होतो का, कोण होतो, या विचारात गुंतणे अयोग्य मनसिकार म्हटले आहे. आणि केवट्टपुत्र साती या भिक्खूने हेच विज्ञान एका जन्मातून दुसऱ्यात जाते असे म्हटले, तेव्हा तथागतांनी त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा, असे दोन प्रश्न वेगळे केले आणि आत्म्याच्या संक्रमणाला जागा ठेवली नाही. मागच्या जन्माच्या कर्माने या जन्माची दशा ठरते हा सिद्धांत बुद्धाचा नाही, हेही त्यांनी त्याच ग्रंथात मांडले.

त्यांनी ते का मांडले, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तुम्ही अस्पृश्य का? तर मागच्या जन्मीचे पाप. आपल्या आज्या-पणज्यांना हे उत्तर शतकानुशतके दिले गेले. मज्झिम निकायाच्या देवदह सुत्तात बुद्ध निगंठांना विचारतात : तुम्ही पूर्वी होता हे तुम्हाला माहीत आहे का? अमुक एक पाप केले हे माहीत आहे का? ते नाही म्हणतात. मग सगळे दुःख पूर्वकर्माचे फळ, हे कशावरून? आता एसी लावलेल्या खोलीत, फी घेऊन आणि रेकॉर्डिंग करून तेच जुने उत्तर एका दुःखी मुलीला दिले जाते. फरक एवढाच की ते तिच्याच तोंडून वदवले जाते.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. केवळ मागचा जन्म सांगणे गुन्हा नाही. पण तू मागच्या जन्मी माझी पत्नी किंवा प्रेयसी होतीस असे भासवून लैंगिक शोषण करणे, हा प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट नोंदवलेला आहे.

त्या उपासिकांना मी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली दवाखान्याची. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष आढळतो, त्यात आईची काही चूक नसते. आणि दोनदा असे झाले असेल तर थायरॉइड, रक्तातील काही प्रतिपिंडे, गर्भाशयाची रचना यांची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी. दुसरी गोष्ट रेकॉर्डिंगची. ते सुनेच्या मोबाइलवर होते. तिची हरकत नसेल तर वही घेऊन ऐका आणि प्रत्येक महत्त्वाचा शब्द आधी कोणी उच्चारला तेवढे लिहा, असे म्हटले.

पुढच्या रविवारी सासू-सून दोघी आल्या. बाईंनी वहीचे पान मधोमध आखून दोन रकाने केले होते. 'पाणी दिसतंय का?' डावीकडे. 'नाही, अंधार आहे' उजवीकडे. 'नीट बघा, नदी असेल' डावीकडे. 'दाई', 'बाळ', 'सोडलंत का', सगळे शब्द आधी डावीकडे, मग उजवीकडे. सून बराच वेळ पानाकडे बघत होती. मग उजव्या रकान्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "मी 'असेल' म्हणाले होते. 'आहे' म्हणाले नव्हते."