आराम
विश्रांती, स्वास्थ्य व व्याधीचा उतार या अर्थांचा मराठीत रूढ असलेला फार्सी शब्द. इंग्रजी ‘कंफर्ट’चा तो पर्याय मानला जातो, परंतु ‘बलवान’ या अर्थाच्या लॅटिन ‘फोर्टिस’पासून आलेल्या त्या शब्दात धीर देणे हाही अर्थ आहे. मराठीत हे अर्थ विभागलेले आहेत. ‘आराम करणे’ म्हणजे विसावणे, ‘आराम पडणे’ म्हणजे दुखणे उतरणे व ‘आरामात’ म्हणजे सावकाश वा सहज. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपाच्या संदर्भात हा भेद स्पष्ट होतो : जखमींना पडावयाचा तो आराम, बेघरांची करावयाची ती सोय आणि आप्त गमावलेल्यांना द्यावयाचा तो दिलासा. इंग्रजीत या तिन्हींसाठी ‘कंफर्ट’ चालू शकतो. मराठीत प्रसंगानुसार शब्द निवडावा लागतो.