पाद्री, गोंड आणि वर्ध्याचा सल्ला
आदिवासींमध्ये जाणाऱ्या मिशनऱ्याने काय शिकून जावं? धर्मशास्त्र, थोडं औषधपाणी, तिथली भाषा, असं उत्तर आपण देऊ. पण तो धर्म सांगणारच नसेल, तर त्या कामाला मिशन म्हणायचं का? हा प्रश्न आपल्या वर्ध्याशीही जोडलेला आहे.

व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. धर्मशास्त्र शिकून ते पाद्री झालेले होते. इथे आश्रमातलं साधं राहणं आलं, गांधीजींचा सहवास आला. पुढे कुठे काम करावं, असा विचार चालू असताना वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी गोंडांकडे जायला सुचवलं. बघा, पाद्र्याला वाट दाखवली ती गांधीजींच्या एका हिंदू अनुयायाने!

१९३२ मध्ये एल्विन आणि त्यांचे मराठी ख्रिस्ती सहकारी शामराव हिवाळे मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला राहायला गेले. तिथे त्यांनी शाळा, दवाखाना चालवला. धर्मांतर मात्र करायचं नाही असं ठरवलं. एल्विन राजनिष्ठेची शपथही घेईनात. नागपूरच्या बिशपांनी परवाना दिला नाही. शेवटी १९३५ मध्ये एल्विन चर्चमधून बाहेर पडले.

म्हणजे चर्चच्या हिशेबात हे मिशन फसलं. पण शिकवायला गेलेला माणूस तिथे विद्यार्थी झाला. बैगा, गोंड यांच्याकडून तो जे शिकला, त्यातूनच त्याची पुस्तकं झाली. शिक्षण कोणाचं झालं, हे आपणच ठरवायचं.