रान बघा, मग गाय

“चरायला सोडायची आहे, मग कोणती जात घेऊ?” गावाकडे परतून गाई पाळायचं मनावर घेतलेले तरुण हा प्रश्न हमखास विचारतात. खरं तर उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं: गीर. देशी आहे, दूध आहे, देखणीही आहे. आपण फक्त मान डोलवायची.

अडचण ‘देशी’ या शब्दात आहे. देशी म्हणजे देशात कुठेही चालणारी, असं बहुतेकांना वाटतं. गीर ही सौराष्ट्राची गाय. तिथला पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तिथल्या मालधारी पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या कोरड्या रानात ती जोपासली. उलट अकोले तालुक्यात घाटघरच्या बाजूला चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. जनावर चार महिने चिखलात उभं राहतं, खूर मऊ पडतात, फटीत जखमा होतात. मग डॉक्टर, औषधं आणि शेवटी गोठा. म्हणजे चराईचा बेत तिथेच संपला.

त्या पावसातलं जनावर म्हणजे डांगी. राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात जाणता माणूस शिंगांकडे उगाच पाहत बसत नाही. तो पाठीवरून तळवा फिरवतो. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, तो हाताला जाणवतो. त्यामुळे पावसाचं पाणी अंगात न मुरता निथळून जातं. मग तो वाकून खूर बघतो. काळेभोर, टणक, फट घट्ट मिटलेली हवी. शेवटी जनावर दहा पावलं चालवायला सांगतो. दुधाचं विचारतच नाही, कारण ते त्याला माहीत असतं: वेताला सरासरी ४३० किलोच्या आसपास. गीरचा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. तेव्हा डांगी घेऊन डेअरी काढायला निघालेल्यानं आधी वहीत हिशेब मांडावा. डांगीची कमाई भातखाचरात चिखलणी करणाऱ्या बैलात आहे. हीच डांगी माणदेशात नेण्यातही शहाणपण नाही. त्या उघड्या, कोरड्या माळावर खिलार आहेच.

दुसरा समज, जनावर जितकं मोठं तितका फायदा जास्त. गोठ्यात हे काही अंशी खरं असेल. रानात मोठ्या अंगाला तोंडानं गवत तोडून पोसावं लागतं. चारशे किलोच्या गाईला दिवसाला साधारण दहा किलो कोरडा चारा लागतो. श्रावणातल्या लुसलुशीत गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे चाळीस-पन्नास किलो गवत तिनं चढउतार करत ओरबाडायचं. हे झालं हिरव्या दिवसांचं. संक्रांतीनंतर कुसळी वाळते, तिच्यातली प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. पोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला सातेक टक्के तरी लागतात. गाय दिवसभर चरते, पोट गच्च दिसतं आणि अंग मात्र उतरत जातं. जांभ्याच्या उतारांवर कोकण कपिलेसारखी लहान बांध्याची गाय टिकते ती यामुळेच. तिच्या गरजाच कमी. तरी उन्हाळ्यात पेंढा, थोडी पेंड आणि क्षारमिश्रण तिलाही द्यावं लागतं. रानात सोडली की खर्च शून्य, असं सांगणाऱ्यानं एक उन्हाळा काढलेला नसतो.

उलट्या बाजूचाही गैरसमज आहे: संकरित गाय चरूच शकत नाही. न्यूझीलंडमध्ये फ्रिजियन-जर्सी संकराच्या लाखो गाई जवळपास वर्षभर कुरणावर असतात. ब्राझीलनं आपल्याच गीरचा होल्स्टिनशी संकर करून ‘जिरोलांडो’ उभी केली, तीही प्रामुख्यानं कुरणावरच. पण तिथे गवत लावलेलं असतं, कुंपण घालून पाळीपाळीनं चारलं जातं आणि पैदाशीसाठी जनावरंही कुरणावर तगणारीच निवडली जातात. अमेरिकेत गोठ्यात धान्य खाऊन वाढलेल्या वंशाची होल्स्टिन त्याच कुरणावर सोडली तर हडकते, गाभण राहायला त्रास देते. जात कागदावर एकच. आपल्या गायरानावर, जिथं अख्ख्या गावाची जनावरं आधीच फिरून गेलेली असतात, वीस लिटरची गाय सोडणं म्हणजे तिला उपाशी मारणं.

“देशीला रोग होत नाही” हे वाक्य तर २०२२ नंतर कुणी उच्चारू नये. लम्पी त्वचारोगानं देशी-संकरित असा भेद केला नाही. देशी जनावरावर गोचीड कमी टिकते, गोचीड तापाला ते संकरितापेक्षा बरंच कमी बळी पडतं, ऊनही सोसतं, इतकं खरं. मात्र ओल्या रानात चरणाऱ्याला गोगलगाईंमुळे यकृतकृमीचा धोका गोठ्यातल्यापेक्षा जास्त. लाळ्या-खुरकुताची लस आणि जंताचं औषध कुठल्याच जातीला चुकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी खरेदीच्या गडबडीत राहून जाते. चरणं वासरू आईमागे हिंडत शिकतं. कुठलं गवत खायचं, उतार कसा उतरायचा, पाणी कुठे आहे, हे सगळं. दावणीला कुट्टी खाऊन वाढलेली अस्सल डांगी कालवडसुद्धा रानात हंबरत उभी राहते. म्हणून वंशावळीच्या जोडीला कळप बघा: चरणाऱ्या कळपातली, शक्यतो आपल्यासारख्याच पावसाच्या गावातली कालवड घ्या. गोऱ्हे झाले तर घेणार कोण, तेही आधीच विचारून ठेवा. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. ज्या भागात औतासाठी डांगी किंवा खिलार बैलाला गिऱ्हाईक आहे तिथे गोऱ्हा चार पैसे देतो. गिऱ्हाईक नसेल तिथे तो जन्मभर तुमच्याच चाऱ्यावर.

खरेदीला जायचं तर मे महिन्यात जा. दिवाळीला सगळीच जनावरं तुकतुकीत असतात.