चाईचे इंजेक्शन : अडीच, पाच की दहा?

डोक्यात किंवा दाढीत नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला की वस्तीतले निदान ठरलेले असते : केसांना कीड लागली. मग लसूण चोळा, कांदा चोळा, कुणाकडून उतरवून घ्या. कातडी भाजून निघते, कीड काही सापडत नाही. कारण ती नसतेच. चाईमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर हल्ला करते. ती एकाकडून दुसऱ्याला होत नाही. (सलूनमध्ये ब्लेड नवे हवेच, पण ते इतर आजारांसाठी.) त्यामुळे चाई आहे म्हणून मुलीचे स्थळ मोडणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. मुळे जिवंत असतात, म्हणून केस परत येऊ शकतात. लहान चट्टे अनेकदा वर्षभरात आपोआप भरतात.

चट्टे थोडे असतील तर त्वचारोगतज्ज्ञ प्रौढांना बहुधा ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड थेट चट्ट्यात टोचतात. आमच्या अभ्यासवर्गातल्या एका तरुणाने विचारले, "ताई, दहाचंच घेतो ना, लवकर येतील." हा समज बऱ्याच जणांचा आहे. प्रत्यक्षात २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात ५ आणि १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या दोन्ही मात्रांचा गुण जवळपास सारखाच दिसला. ५ पेक्षा कमी मात्रेचा थोडा कमी. मात्रा वाढली की कातडी पातळ होऊन खड्डा पडण्याचा धोका मात्र वाढतो. खड्डा बहुधा काही महिन्यांत भरतो, पण तोवर आरशात तोच दिसतो. म्हणून डोक्यासाठी सहसा ५, तर भुवई आणि दाढीसाठी अडीच वापरतात.

कमी मात्रा म्हणजे हलके औषध नव्हे. १० च्या बाटलीतले औषध तेवढ्याच सलाइनमध्ये मिसळले की ५ होते. साधारण एकेक सेंटिमीटरवर ०.०५ ते ०.१ मिलिलिटर टोचतात, आणि दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. सहा महिन्यांत काहीच उगवले नाही तर हा उपचार थांबवावा लागतो. चाई डोकेभर पसरली असेल तर सुयांचा मार्ग मुळातच सोयीचा नाही.

एक गोष्ट आधी पाहा. चट्टा खाजत असेल, पापुद्रे सुटत असतील, तर तो नायटा असू शकतो आणि स्टेरॉइडने तो वाढतो. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावण्याआधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात केसपेपर काढा.