लाँग जॉन सिल्व्हर तासगावात आला तर?

डोळे मिटा आणि एक पायरेट डोळ्यांसमोर आणा. खांद्यावर पोपट, एक पाय लाकडाचा, हातात खजिन्याचा नकाशा आणि नकाशावर फुली. आलं ना चित्र? आता हे चित्र तुमच्या डोक्यात कुणी घातलं ते सांगा. जॅक स्पॅरोनं? 'वन पीस'नं? दोघंही अलीकडचे. यातला निम्म्याहून जास्त माल एकाच पुस्तकातून आलाय. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं 'ट्रेझर आयलंड'. १८८१-८२ मध्ये 'यंग फोक्स' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकात ते क्रमशः छापून आलं, तेही 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या टोपणनावानं. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. १८८३ मध्ये पुस्तक निघालं आणि मग जे काय झालं ते आजपर्यंत चालूच आहे.

गंमत म्हणजे पुस्तकात लाकडी पाय नाहीच! लाँग जॉन सिल्व्हरचा डावा पाय पार मांडीपासून कापलेला आहे आणि तो काखेत कुबडी घेऊन चालतो. लाकडी पाय आपणच त्याला बसवलाय. पुस्तक न वाचता पुस्तकाबद्दल सगळं माहीत असलं की असं होतं.

म्हणून यंदा परीक्षा संपल्यावर आम्ही तासगावातल्या सहा जणांनी ठरवलं, हे एकदा नीट वाचायचं. शाळेच्या लायब्ररीतली चित्रांची, साठ पानांत उरकलेली आवृत्ती नाही. पूर्ण चौतीस प्रकरणं. कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे मूळ पुस्तक फोनवर फुकट मिळतं. दोघांनी मराठी अनुवाद वाचला, बाकीच्यांनी डिक्शनरी उघडी ठेवून इंग्रजी. (दीडशे वर्षांपूर्वीच्या खलाशांची इंग्रजी आहे. पहिल्या तीन प्रकरणांत डोकं धरायची तयारी ठेवा, नंतर आपोआप सुटते.) समुद्र आमच्यापासून घाट उतरून पलीकडे. आमच्यातल्या दोघांनी तर तो एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याच्या सहलीत. तरी वाद असे झाले की चहा तीनदा सांगावा लागला.

गोष्ट थोडक्यात. पुस्तक एवढं जुनं, त्याला स्पॉयलर अलर्ट कसला! जिम हॉकिन्स नावाचा पोरगा, आईबापांची समुद्राकाठी खानावळ. तिथं एक दारुडा खलाशी येऊन राहतो आणि मरतो. त्याच्या पेटीत खजिन्याचा नकाशा. मग गावचा जमीनदार ट्रेलॉनी, डॉक्टर लिव्हसी आणि जिम जहाज घेऊन निघतात. जहाजावर स्वयंपाकी म्हणून येतो लाँग जॉन सिल्व्हर. तोच चाच्यांचा म्होरक्या.

पहिला वाद झाला जिमच्या आईवरून. खलाशी मेलाय, चाचे कुठल्याही क्षणी येणार आहेत, पेटीत देशोदेशीची नाणी भरलीत. आणि ही बाई काय करते? आपल्या बिलाचे जेवढे होतात तेवढेच मोजून घ्यायला बसते. एक पैसा जास्त नको, एक कमी नको. तेही फक्त गिनी शोधून शोधून, कारण हिशेब तिला त्याच नाण्यांचा जमतो! दोघं पोरं वैतागली, 'घे की मूठभर आणि पळ!' एक मैत्रीण मात्र म्हणाली, 'माझी आई हुबेहूब अशीच बसली असती.' तिच्या आईचं किराणा दुकान आहे. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकात सगळ्यात खरा वाटलेला प्रसंग हाच.

आणि या आईनंतर बाई जवळजवळ संपलीच. सिल्व्हरची बायको ब्रिस्टलला आहे, ती गोऱ्या वंशाची नाही एवढं कळतं. खानावळ विकून, पैसे घेऊन नवऱ्याला ठरल्या जागी भेटायचं, एवढं मोठं काम तिच्यावर आहे. पण पुस्तकात ती एकदाही बोलत नाही. याचं कारण वाचलं तेव्हा हसू आलं. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पाऊस थांबेना, तेव्हा स्टीव्हन्सन आणि त्याचा लहान सावत्र मुलगा लॉइड चित्रं काढत बसले. त्यातून बेटाचा नकाशा निघाला, नकाशातून गोष्ट. आणि त्या पोराची अट होती, गोष्टीत बायका नकोत. लेखकानं ऐकलं. आमच्यातल्या तिघींचं मत : मुलांच्या ग्रुपमध्ये हे अजूनही चालतं.

आता सिल्व्हर. खरं पुस्तक इथं आहे.

आमच्यातल्या चौघांना तो बेहद्द आवडला. आणि आवडण्यासारखा आहेच. बाकीचे चाचे पैसा मिळाला की दारूत उडवतात. हा बँकेत ठेवतो. आधीच्या कप्तानाबरोबर असताना नऊशे वाचवले, फ्लिंटबरोबर दोन हजार, आणि तेही एकाच ठिकाणी ठेवले नाहीत, कुणाला संशय नको म्हणून. वय पन्नास. या ट्रिपनंतर रिटायर होऊन सभ्य गृहस्थ व्हायचा प्लॅन. 'हा तर एसआयपीवाला पायरेट आहे,' असं आमचा कॉमर्सवाला म्हणाला. एक पाय नाही, पण जहाज हलत असताना कुबडी गळ्यातल्या दोरीला अडकवून, भिंतीला टेकून निवांत स्वयंपाक करतो. एका मित्राच्या मोठ्या भावाचा पाय ट्रॅक्टरच्या अपघातात गेलाय. त्याला हाच भाग आवडला. 'कुणी त्याला बिचारा म्हणत नाही,' तो म्हणाला. पण त्याचीच तक्रारही होती : आंधळा प्यू वाईट, दोन बोटं नसलेला ब्लॅक डॉग वाईट, एक पायाचा सिल्व्हर वाईट. शरीरात काही कमी असलं की माणूस खलनायक, हा हिशेब आपल्या सिनेमांनीही पुष्कळ चालवलाय. स्टीव्हन्सनला सिल्व्हर सुचला तो त्याच्या मित्रावरून, डब्ल्यू. ई. हेन्ली या कवीवरून. हाडांच्या क्षयामुळे त्याचा एक पाय कापला होता आणि माणूस प्रचंड दणकट, मोठ्यानं हसणारा. मित्राची ताकद घेतली आणि त्याला चाचा करून टाकलं. हेन्लीला काय वाटलं असेल?

तर चौघं सिल्व्हरचे फॅन. सगळं मजेत चाललेलं. आणि आमच्यातली एक, जिची तालुक्यातच द्राक्षबाग आहे, ती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, 'तसला माणूस आमच्या दारात येऊन गेलाय. मला नाही आवडला.'

तासगाव म्हणजे द्राक्ष आणि बेदाणा, हे तुम्हाला सांगायला नको. पण बाग कशी विकली जाते हे शहरातल्या वाचकांसाठी सांगते. ऑक्टोबरमध्ये छाटणी, नंतर चार महिने औषधं, डिपिंग, रात्री-अपरात्री पाऊस आला की पोटात गोळा. माल तयार झाला की बाहेरचा व्यापारी बागेत येतो. चार किलोला दर ठरतो. माल दोन दिवसांत गाडीत भरावाच लागतो, वेलीवर ठेवून वाट बघता येत नाही. इथंच गोम आहे. नवा व्यापारी शेजाऱ्यापेक्षा पाच-दहा रुपये जास्त दर देतो. पहिल्या एक-दोन गाड्यांचे पैसे रोख. घरी चहा घेतो, पोरांच्या शिक्षणाची चौकशी करतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो. मग मोठा माल उचलतो, चेक देतो, आणि एके दिवशी फोन बंद. हंगाम संपता संपता फसवणुकीच्या या बातम्या आपल्याच पेपरात येतात. दरवर्षी गावं बदलतात, रीत तीच.

आता पुस्तक पुन्हा उघडा. जमीनदार ट्रेलॉनीला बजावलेलं असतं, खजिन्याबद्दल चकार शब्द काढू नको. पठ्ठ्या ब्रिस्टलभर बोंबलत सुटतो. मग बंदरावर त्याला एक गोड बोलणारा खानावळवाला भेटतो, स्वयंपाकी म्हणून यायला तयार होतो, वर जहाजासाठी माणसंही जमवून देतो. ट्रेलॉनी इतका खूश की पत्रात त्याचं कौतुक लिहून पाठवतो. आणि कॅप्टन स्मॉलेट? तो पहिल्या दिवसापासून म्हणतोय, मला ही माणसं पसंत नाहीत, हा प्रवास पसंत नाही. ट्रेलॉनीला तो डोळ्यांसमोर नको असतो. आम्हालाही नको होता. होस्टेलचा रेक्टर वाटला सगळ्यांना. 'आमच्या घरी स्मॉलेट म्हणजे आजी,' मैत्रीण म्हणाली. 'ती म्हणत होती, जुन्याच व्यापाऱ्याला द्या, दर कमी दिला तरी चालंल. कुणी ऐकलं नाही. उलट आम्हीच तिला गप्प बसवलं.'

त्यांचे किती गेले ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ती बीएस्सीला एक वर्ष उशिरा का आली, ते मात्र आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिला पुस्तकातली कुठली जागा लागली माहितेय? प्रकरण अकरा, सफरचंदाचं पिंप. जिम रिकाम्या पिंपात उतरलेला असतो आणि बाहेर सिल्व्हर एका तरुण खलाशाला फितवत असतो. त्या पोराची तो स्तुती करतो, आणि जिमला धक्का बसतो, कारण हेच शब्द, अगदी हेच, सिल्व्हरनं त्याच्यासाठी वापरलेले असतात. खून, बंड, कट हे सगळं नंतर. पहिला राग येतो तो याचा. आपल्याला वाटलेलं, हा माणूस फक्त माझ्याशी असा बोलतो. 'तो पपांना दादा म्हणायचा,' ती म्हणाली. 'नंतर तक्रार द्यायला सगळे एकत्र जमले तेव्हा कळलं, तो सगळ्यांनाच दादा म्हणायचा.'

त्यानंतर चहा गार झाला तरी कुणी प्यालं नाही.

पातळ आवृत्त्यांत नेमकं हेच जातं. माझ्या लहानपणच्या पुस्तकात सिल्व्हर मिश्कील काका होता. पूर्ण पुस्तकात, प्रकरण चौदामध्ये, बंडात सामील व्हायला नकार देणाऱ्या टॉम नावाच्या खलाशाला तो मागून कुबडी फेकून पाडतो आणि चाकूनं संपवतो. जिम झाडीत लपून बघतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. तुम्हाला सिल्व्हर आवडत असेल तर हे प्रकरण गाळू नका. आणि हे वाचूनही पुढे तो पुन्हा आवडायला लागतो, ही स्टीव्हन्सनची खरी करामत आहे. माझं तरी तसं झालं.

बरं, आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडातल्या चाच्यांचं आम्हाला काय? मग सिल्व्हरचा पोपट ऐका. ती खरं तर मादी आहे, नाव कॅप्टन फ्लिंट. सिल्व्हर जिमला फुशारकीनं सांगतो की ही मलबारला जाऊन आलीय आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयचं जहाज लुटलं तेव्हाही हजर होती. ही थाप हवेतली नाही. एप्रिल १७२१ मध्ये गोव्याचा मावळता पोर्तुगीज व्हाइसरॉय मायदेशी निघालेला असताना रियुनियन बेटापाशी टेलर आणि ला ब्यूझ या चाच्यांनी त्याचं जहाज खरोखर लुटलं. त्या लुटीतला माल शोधणारे लोक हिंदी महासागरातल्या बेटांवर आजही खणतात. म्हणजे 'ट्रेझर आयलंड'चा एक धागा थेट पणजीच्या बाजूनं येतो.

त्याच १७२१ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले, 'पायरेट' कान्होजी आंग्र्यांना संपवायला. जमलं नाही. सरखेल कान्होजींचा नियम साधा होता : आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या. पोर्तुगीजही त्यांच्या परवान्याशिवाय जहाजं अडवायचे, त्याला कार्ताझ म्हणायचे. त्यांनी केलं की कायदा, आंग्र्यांनी केलं की चाचेगिरी. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. आणि हॉलिवूडमध्ये? 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा २००७ चा तिसरा भाग काढून बघा. नऊ पायरेट लॉर्ड्सच्या सभेत एक भारतीय बसलाय, श्री संभाजी. कान्होजींच्या मुलाचं नाव. तो बहुतेक वेळ गप्प असतो, त्याच्या वतीनं दुसरेच बोलतात आणि शेवटी तो तोंड उघडतो तेव्हा आवाज इतका बारीक की थिएटरनं हसावं. आमच्यातल्या दोघांना हे अजिबात पटलं नाही. एकाला वाटलं, निदान नाव तरी आहे. मी नाराजांच्या बाजूनं आहे. पण पूर्ण चित्र बघायचं तर हेही बघा : १७५६ मध्ये विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांचं सैन्य होतं. 'चाचा' हा शब्द वापरणारे फक्त परके नव्हते.

यावर आमचं एकमत झालं नाही. सिल्व्हरवर तर नाहीच. शेवटी तो परतीच्या वाटेवर एका बंदरात तीन-चारशे गिनींची एक थैली उचलून पसार होतो. कुणी पाठलाग करत नाही. सगळ्यांना सुटल्यासारखंच वाटतं. चौघांनी टाळ्या वाजवल्या. द्राक्षबागेवाली म्हणाली, 'पळाला ते ठीक आहे. आता पुढच्या बंदरात जाऊन तो कुणाला तरी दादा म्हणत असणार.'