खोडाळ्याच्या मुलांनी पाहावे असे दालन

खोडाळ्याहून कसारा गाठले की लोकल थेट सीएसएमटीला नेते. तिथून काळा घोडा परिसरात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही घुमटाची वास्तू १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मूर्ती आणि चित्रे पाहण्यासारखी आहेतच; पण रानाच्या शेजारी राहणाऱ्यांनी आधी निसर्गविज्ञानाचे दालन गाठावे.

गवा, वाघ, धनेश, रोहित पक्षी इथे त्यांच्या अधिवासाच्या देखाव्यांसह मांडले आहेत. तरुणपणी पक्षितज्ज्ञ सालिम अली याच दालनात मार्गदर्शक व्याख्याते होते. दालनाच्या उभारणीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह कामी आला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते.

संस्थेचा अभ्याससंग्रह शेजारच्या हॉर्नबिल हाउसमध्ये आहे. त्यात एक लाखाहून अधिक नमुने आहेत. अशा संग्रहात पक्षी कापूस भरून उताणे ठेवतात. पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते. तीवर ठिकाण, तारीख आणि नमुना गोळा करणाऱ्याचे नाव असते. चिठ्ठी खरी असेल, तरच नमुन्याला मोल.

रानपिंगळा या लहान घुबडाने हे सिद्ध केले. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. ब्रिटिश संग्राहक रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरीचा आणि त्यावरची माहिती बनावट निघाली. ती बाजूला सारून पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसन आणि सहकाऱ्यांनी जुन्या नमुन्यांची खरी ठिकाणे शोधली, आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही दिसला. या अभयारण्याचा काही भाग खोडाळ्याच्याच मोखाडा तालुक्यात येतो. नेहमीच्या पिंगळ्याचे डोके ठिपक्यांनी भरलेले असते. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात.

वारली, कातकरी, ठाकर पाड्यांवरची कितीतरी मुले नुसत्या आवाजावरून पक्षी सांगतात. त्या जाणकारीला नोंदीची जोड हवी. शिक्षकांनी मुंबईची सहल आखताना हे दालन यादीत घालावे, आणि परतल्यावर प्रत्येक मुलाला एक वही द्यावी: पक्षी, ठिकाण, तारीख. खोडाळ्याच्या रानाची खरी नोंद खोडाळ्याच्या मुलांनीच करायला हवी.