टीव्हीचा लाल दिवा लुकलुकतो तेव्हा

घरातला एलसीडी किंवा एलईडी टीव्ही एके दिवशी सुरूच होत नाही. लाल दिवा नुसता लुकलुकतो, आतून टिक-टिक आवाज येतो. थंडीत सकाळी हा प्रकार जास्त दिसतो. पाच-दहा मिनिटे प्लग लावून ठेवला की संच निमूटपणे चालू होतो! दुकानदार म्हणतो, "बोर्ड गेला, बदलावा लागेल." पुष्कळदा बोर्ड गेलेला नसतो, त्यावरचे दोन-चार कपॅसिटर थकलेले असतात.

आपल्या घरी २३० व्होल्टचा एसी पुरवठा येतो. टीव्हीला मात्र ५, १२, २४ अशा व्होल्टचा डीसी लागतो. पॉवर बोर्ड आधी एसीचा डीसी करतो, तेव्हा तो भरतो सुमारे ३२५ व्होल्ट (२३० गुणिले १.४१४). मग मॉस्फेट नावाचा स्विच तो सेकंदाला हजारो वेळा, कधी लाखभर वेळाही, चालू-बंद करतो. वेग इतका असल्यामुळेच रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) काडेपेटीएवढे लहान चालते. रोहित्रातून कमी दाबाची वीज निघते आणि ती गुळगुळीत करण्याचे काम कपॅसिटरचे, म्हणजे पुस्तकातल्या धारित्राचे.

या कपॅसिटरच्या पोटात द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. म्हणून भिंतीला चिकटवलेला, जाळीवर धूळ साचलेला टीव्ही लवकर दगा देतो. सुकलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. स्टॅण्डबायला भार थोडा, म्हणून दिवा लागतो. संच चालू करताच भार वाढतो, व्होल्टेज कोसळते, संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते आणि पुन्हा प्रयत्न करते. तीच ती टिक-टिक.

जाणता कारागीर आधी नुसते बघतो. कपॅसिटरचे डोके सपाट हवे. ते फुगलेले किंवा खाली तपकिरी ओल असेल तर चोर सापडला. (न फुगताही तो खराब असू शकतो, तेव्हा मीटर लागतो.) नवा घालताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, कमी कधीच नाही, आणि १०५ अंशांचा. उलटा बसवला तर फुटतो. फ्यूज काळा पडून उडाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा मॉस्फेट किंवा ब्रिज रेक्टिफायर शॉर्ट असतो. नुसता नवा फ्यूज घातला तर तोही उडतो. फ्यूजच्या जागी तार बांधणाऱ्याला तर बोर्डाला हातच लावू देऊ नये. चांगला कारागीर पहिल्यांदा १०० वॅटचा जुना बल्ब सिरीजमध्ये लावून संच तपासतो. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे.

आवाज येतो पण चित्र नाही, असे असेल तर अंधारात पडद्यावर बॅटरीचा उजेड टाका. अंधुक चित्र दिसले तर पडद्यामागचे दिवे किंवा त्यांचा पुरवठा बिघडला आहे, पडदा शाबूत आहे. हे मात्र तुम्ही घरी बिनधास्त करून बघू शकता.

मागचे झाकण उघडणे मात्र तुमचे काम नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट काही वेळ टिकून असतात. १०० मायक्रोफॅरडचा असला तर त्यात सुमारे ५ ज्यूल ऊर्जा असते. हात चुकून तिथे लागला तर जबर झटका बसतो, तो जिवावरही बेतू शकतो. कारागीर आधी जाड रेझिस्टर लावून तो रिकामा करतो आणि मीटरने शून्य पाहिल्यावरच हात घालतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणारे बहाद्दरही भेटतात, त्यांचे अनुकरण नको.

असा कपॅसिटर थोडक्या रुपयांत मिळतो, पूर्ण बोर्ड मात्र त्याच्या कितीतरी पट महाग. तेव्हा बोर्ड बदला म्हणणाऱ्याला घरच्यांनी एवढेच विचारावे, "कपॅसिटर तपासलेत का?"